विलेमस्टॅड पायी पाहताना: पुलाचे झेंडे, उन्हाची दिशा आणि बाकीचा हिशोब

कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाची राजधानी विलेमस्टॅड अर्ध्या दिवसात पाहून होते, असं क्रूझच्या पत्रकात छापलेलं असतं. रंगीत डच घरांसमोर एक फोटो, तरंगत्या पुलावरून एक चक्कर, थोडी खरेदी आणि परत बोटीवर. तेवढंच करायचं असेल तर खरोखर अर्धा दिवस पुरतो. पण हे शोभेसाठी जपून ठेवलेलं गाव नव्हे, चालतं बंदर आहे. गावाच्या बरोबर मधून मोठाली जहाजं जातात आणि त्यांना वाट द्यायला पायी चालणाऱ्यांचा पूल बाजूला सरकतो. त्यामुळे इथे प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन फिरणाऱ्यांची पंचाईत होते. पूल कधी उघडतो आणि ऊन कुठून येतं, या दोन गोष्टींवर दिवस आखला की बाकीचं आपोआप जमतं.

नकाशा आधी डोक्यात बसवा

सेंट ॲना बे नावाची अरुंद खाडी समुद्रातून आत शिरते आणि पुढे स्खॉटेगाट या प्रशस्त नैसर्गिक बंदराला मिळते. खाडीच्या पूर्वेला पुंडा, पश्चिमेला ओत्रोबांडा. पुंडा हा डचांनी वसवलेला तटबंदीतला भाग. डचांनी बेट स्पॅनिशांकडून 1634 मध्ये घेतलं आणि लगेच खाडीच्या तोंडाशी फोर्ट ॲमस्टरडॅम बांधायला काढला. तटाच्या आत जागा संपली तेव्हा ओत्रोबांडा, पीटरमाय आणि स्खार्लो हे भाग वाढले. पीटरमाय पुंडाच्या पूर्वेला समुद्राच्या कडेने पसरलेला आहे, तर स्खार्लो पुंडाच्या उत्तरेला, वायगाट या पाण्याच्या पलीकडे. हे चारही भाग आणि मधलं बंदर मिळून 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

दिशा चुकू नये म्हणून एक सोपी खूण: उत्तरेकडे पाहिलं की आकाशात उंच राणी ज्युलिआना पूल दिसतो. तो मोटारींचा, 1974 पासून वापरात आहे. पाण्यापासून सुमारे 56 मीटर उंच. हा आकडा नुसता मिरवायचा नाही. ज्या क्रूझ बोटींची उंची यात बसत नाही त्यांना खाडीत आत शिरताच येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी बाहेर समुद्राच्या बाजूला मेगा पिअर हा धक्का बांधला. तुमची बोट कुठे लागते त्यावर तुमचा दिवस कुठून सुरू होतो ते ठरतं. मेगा पिअरवरून रिफ फोर्ट या जुन्या किल्ल्यातून चालत तरंगत्या पुलापर्यंत साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात. आतल्या धक्क्यावर बोट लागली तर तुम्ही थेट ओत्रोबांडात उतरता.

निघण्याआधीची कामं

भारतातून थेट विमान नाही. बहुतेक लोक ॲमस्टरडॅममार्गे जातात (तिथून पुढे सुमारे दहा तास) किंवा अमेरिकेतून, पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

सर्वात मोठी गफलत व्हिसाची होते. कुरासाव नेदरलँड्सच्या राज्याचा भाग आहे, 10 ऑक्टोबर 2010 पासून त्या राज्यातला एक स्वायत्त देश आहे, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना डच वकिलातीतून मिळणारा कॅरिबियन व्हिसा लागतो आणि तो शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा असतो. अर्जात कुठला व्हिसा मागितला आहे ते दोनदा वाचा. नेदरलँड्स, अमेरिका किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या निवास परवान्यावर सूट मिळते का, ते डच सरकारच्या संकेतस्थळावर आपल्या राष्ट्रीयत्वासकट तपासून घ्यावं. ‘मित्राला चाललं होतं’ हा पुरावा विमानतळावरच्या काउंटरवर चालत नाही. आणि ॲमस्टरडॅममध्ये विमान बदलताना बाहेर पडून रात्र काढायचा बेत असेल तर शेंगेन व्हिसा वेगळा हवाच.

यानंतर डिजिटल इमिग्रेशन कार्ड. प्रवासाच्या आधीच्या सात दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं. ते मोफत आहे. कुठलं संकेतस्थळ त्यासाठी पैसे मागत असेल तर ते मध्यस्थाचं आहे, बंद करा. भरल्यावर येणारी पोच फोनमध्ये साठवून ठेवा, विमानतळावरच्या इंटरनेटवर विसंबू नका.

पैशांच्या बाबतीत जुनी प्रवासवर्णनं वाचून जाऊ नका. 31 मार्च 2025 पासून इथलं चलन कॅरिबियन गिल्डर झालं. त्याआधीचा अँटिलियन गिल्डर 30 जून 2025 नंतर दुकानात चालत नाही, तेव्हा सुट्ट्यात कुणी जुनी नोट दिली तर नम्रपणे परत करा. दर डॉलरला 1.79 असा बांधलेला आहे. अमेरिकन डॉलर जवळपास सगळीकडे घेतात, पण सुट्टे बहुधा गिल्डरमध्येच मिळतात आणि छोट्या टपऱ्या हिशोबाला सोपा असा स्वतःचा दर लावतात. म्हणून एक, पाच आणि दहाच्या नोटा जवळ ठेवा. शंभराची नोट काढली की समोरच्याचा चेहरा पडतो.

वीज 127 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आणि सॉकेट अमेरिकन पद्धतीचं, चपट्या दोन पट्ट्यांचं. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त ॲडॉप्टर पुरतो. घरून नेलेली 230 व्होल्टची किटली मात्र इथे जेमतेम तीस टक्के ताकदीने तापते, म्हणजे चहाला तिपटीहून जास्त वेळ. भाड्याच्या घरात राहणार असाल तर तिथलीच किटली वापरा. नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं असतं आणि बिनधास्त पिण्यासारखं असतं, त्यामुळे बाटल्या विकत घेण्यात पैसे घालवू नका. एक रिकामी बाटली जवळ असली की झालं.

तरंगता पूल: त्याची भाषा समजून घ्या

राणी एमा पूल 1888 मध्ये पहिल्यांदा बांधला गेला तो लिओनार्ड स्मिथ या अमेरिकन वकिलाच्या कल्पनेतून. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, त्या देशाचा प्रतिनिधी. सध्याचा पूल नंतरच्या काळातला, 167 मीटर लांबीचा. खाली ओळीने तराफे, वर लाकडी फळ्यांचा रस्ता. पूर्वी यावर टोल होता आणि अनवाणी जाणाऱ्याला तो माफ होता. गरीब लोक चपला उसन्या घेऊन टोल भरायचे आणि पैसेवाले चपला काढून फुकट जायचे, असा किस्सा इथे हमखास ऐकवतात. टोल 1934 मध्ये बंद झाला. मोटारी 1974 पर्यंत याच पुलावरून जात होत्या.

याची यंत्रणा डोळे भरून पाहण्यासारखी आहे. ओत्रोबांडाच्या टोकाला पूल बिजागरीवर बसवलेला आहे. पुंडाच्या टोकाला एक छोटी केबिन आहे, तिच्यातून चालक डिझेल इंजिनं आणि पाण्यातले पंखे चालवतो. जहाज आलं की घंटा वाजते, दोन्ही टोकांची फाटकं बंद होतात, पुंडाकडचं टोक सुटतं आणि अख्खा पूल पाण्यावरून सरकत ओत्रोबांडाच्या काठाला समांतर जाऊन उभा राहतो. त्या वेळी पुलावर असाल तर घाबरायचं कारण नाही. तिथेच थांबता येतं, पूल तुम्हाला घेऊन फिरतो. फक्त कठड्याला धरून उभे राहा, कारण सुरू होताना एक हिसका बसतो, आणि मुलांचा हात सोडू नका.

आता झेंडे. केबिनवर नारिंगी झेंडा चढला तर छोटी बोट जायची आहे, पूल थोडाच उघडणार आणि काही मिनिटांत परत येणार. तिथेच थांबा. निळा झेंडा दिसला तर मोठं जहाज आहे, पूल पूर्ण उघडणार आणि अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. तेव्हा फाटकाशी ताटकळू नका, पुलापासून थोडं आत बंदराच्या बाजूला चालत जा. तिथून फेरी सुटते. पूल बराच वेळ उघडा असला की ती दोन्ही काठांदरम्यान चालते, आणि फुकट. बहुतेक पाहुणे हे न कळल्याने फाटकापाशी गर्दी करून उभे राहतात आणि समोरून रिकामी फेरी निघून जाते.

पूल उघडण्याचं छापील वेळापत्रक नसतं, जहाज आलं की तो उघडतो. म्हणून बोट गाठायची असेल, टॅक्सी ठरलेली असेल किंवा विमान असेल तर ‘पलीकडे पाच मिनिटांत पोचू’ असा हिशोब करू नका. मध्ये पूल आला की पाऊण तास हाताशी ठेवा. मेगा पिअरवाल्यांना हे जास्तच लागू, कारण त्यांची बोट ओत्रोबांडाच्या बाजूला आणि बाजार पुंडाच्या बाजूला.

ऊन आणि वारा

बेट बाराव्या अक्षांशावर आहे, पाऊस कमी, बाभळीसारखी काटेरी झाडं आणि निवडुंग जास्त. वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे ऊन जाणवत नाही आणि कातडी भाजून निघते. दुपारी वारा छान वाटतो म्हणून टोपी न घालता फिरलेल्यांचे चेहरे संध्याकाळी ओळखू येतात. टोपीला दोरी हवी, नाहीतर पुलावर ती थेट खाडीत जाते. पाऊस साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, तोही बहुधा सरी येऊन थांबणारा. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने इथे त्यांचा थेट तडाखा क्वचितच बसतो.

फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: प्रसिद्ध रंगीत घरांची रांग, हांडेल्सकाडे, पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य त्या घरांच्या मागे असतो, म्हणजे घरं काळवंडलेली आणि आकाश पांढरं. सकाळी दहाला बोटीतून उतरून काढलेले हजारो फोटो याचमुळे फिके येतात. दुपारी साडेतीननंतर ओत्रोबांडाच्या काठावरून काढा, तेव्हा पिवळा पिवळा दिसतो. सूर्यास्त वर्षभर सहा ते सातच्या दरम्यान असतो. त्यानंतर वीस मिनिटं थांबलात तर पुलावरच्या कमानींचे दिवे आणि निळं आकाश दोन्ही एका फोटोत मिळतात.

रंगांबद्दल सांगतात ते असं: 1817 मध्ये गव्हर्नर आल्बर्ट किकर्ट यांनी पांढऱ्या भिंतींवर बंदी आणली, कारण त्यांवरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोकं दुखतं. पुढे त्यांची रंगाच्या धंद्यात भागीदारी असल्याचं निघालं, अशी शेपटीही या गोष्टीला जोडली जाते. शेपटी कितपत खरी ते सोडा. दुपारी दोनला एखाद्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहिलं की गव्हर्नरांचं डोकं का दुखत असेल ते कळतं.

एका दिवसाचा क्रम

सकाळी साडेआठच्या सुमारास पूल ओलांडून पुंडात शिरा. गल्ल्या अरुंद, घरं दोन-तीन मजली, त्यामुळे दहापर्यंत चांगली सावली असते. पुलाच्या तोंडाशीच, ब्रेडेस्ट्राटच्या कोपऱ्यावर, पिवळी पेन्हा इमारत आहे, 1708 सालची. तिच्या माथ्यावरचे पांढरे वळणदार नक्षीकाम नीट पाहून घ्या. हा नमुना मग गावभर दिसत राहतो.

तिथून फोर्ट ॲमस्टरडॅममध्ये जा. इथे आजही गव्हर्नरांचं निवासस्थान आणि सरकारी कार्यालयं आहेत, पण चौकात जाता येतं. आतल्या चर्चच्या भिंतीत एक तोफगोळा रुतलेला आहे. 1804 मध्ये इंग्रजांनी केलेल्या हल्ल्यात तो डागला गेला, आणि तो हल्ला चढवणारा कप्तान होता जॉन ब्लाय. गोळा सहज नजरेतून सुटतो. चौकातून बाहेर पडून भिंत बाहेरच्या बाजूने शोधा.

वेंगुर्ल्याची डच वखार ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथे ओळखीचं काहीतरी सापडेल, पण फरक मोठा आहे. वेंगुर्ल्यात होती ती डच ईस्ट इंडिया कंपनी. इथे होती वेस्ट इंडिया कंपनी, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या बंदराचा मुख्य व्यापार माणसांचा होता. आफ्रिकेतून आणलेले गुलाम इथून स्पॅनिश वसाहतींना विकले जात. हांडेल्सकाडेची देखणी घरं त्याच बंदराच्या कमाईवर उभी राहिली. हे मनात ठेवून पुढचं पाहिलं पाहिजे.

दहाच्या सुमारास मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला जा, पुलापासून तीन-चार मिनिटांवर. 1732 मधली ही वास्तू अमेरिका खंडांत सतत वापरात असलेलं सर्वात जुनं सिनेगॉग मानली जाते. आत जमिनीवर वाळू अंथरलेली आहे. पोर्तुगाल-स्पेनमध्ये छळाच्या काळात पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लपून प्रार्थना करणारे वाळू पसरत, त्याची ही आठवण, असं एक कारण सांगतात. दुसरं कारण ज्यूंच्या पूर्वजांच्या वाळवंटातल्या चाळीस वर्षांच्या भटकंतीचं. प्रवेशाला तिकीट आहे आणि त्यातच शेजारचं छोटं संग्रहालय पाहता येतं. शनिवारी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना बंद. ज्यू सणांच्या दिवशीही तसंच. तुमचा एकच दिवस शनिवारी पडत असेल तर ही जागा बाहेरून पाहून पुढे जा, दारावर हुज्जत घालू नका.

यानंतर शा काप्रिलेस धक्क्यावरचा जुना ‘तरंगता बाजार’. इथल्या पूर्वीच्या वर्णनांत व्हेनेझुएलाहून आलेल्या भाजी-मासळीच्या होड्यांची रांग असते. व्हेनेझुएलाचा किनारा जेमतेम 65 किलोमीटरवर. पण 2019 मध्ये त्या बाजूने सीमा बंद झाली आणि होड्यांचं येणं थांबलं. आता काठावरच्या ठेल्यांवर फळं-भाज्या मिळतात. पपई, आंबे, केळी घ्यायला जागा उत्तम, पण होड्यांच्या फोटोची आशा धरून जाऊ नका.

जेवण: साडेअकरालाच

प्लासा बिऊ, म्हणजे जुना बाजार, ही जेवायची जागा चुकवू नका. मोठी शेड, आत वेगवेगळ्या स्वयंपाकिणींचे ठेले, समोर मोठाल्या भांड्यांची चूल आणि मध्ये सगळ्यांसाठी लांब टेबलं. हे दुपारच्या जेवणाचंच ठिकाण आहे आणि रविवारी बंद असतं. साडेबारानंतर कार्यालयांतली गर्दी येते आणि चांगले पदार्थ संपू लागतात, म्हणून साडेअकरा ते बाराच्या मध्ये पोचा. पद्धत अशी: आधी एक फेरी मारून फळ्यावरचे पदार्थ वाचा, मग एका ठेल्यावर जाऊन सांगा, जागा धरा. ताट भरभरून येतं. पहिल्यांदा एक ताट दोघांत घ्या.

काय मागायचं? काब्रितू स्तोबा म्हणजे बकऱ्याच्या मटणाचा रस्सा. त्याबरोबर फुंची, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आपल्या तांदळाच्या उकडीत ताक-मिरची असते, यात नसते, म्हणून फुंची एकटी खाल्ली की बेचव लागते. ती रश्शातच बुडवून खायची. तुतू म्हणजे मक्याचं पीठ आणि चवळीसारखी कडधान्यं एकत्र शिजवून घोटलेलं. गियाम्बो म्हणजे भेंडीचं बुळबुळीत सूप. कादुशी म्हणजे निवडुंगाचं सूप, आणि यवाना म्हणजे घोरपडीसारख्या दिसणाऱ्या इग्वानाचं सूप. टेबलावरची पिका म्हणजे कांदा आणि मिरची घातलेलं व्हिनेगर. ती मिरची आपल्या लवंगीला लाजवेल अशी असते, थेंबाने सुरुवात करा.

शाकाहारी मंडळींनी जागरूक राहावं. गियाम्बो आणि कादुशी दिसायला भाजीची सुपं, पण त्यांत बहुधा मासे किंवा खारवलेलं मांस असतं. तुतूतही कधी मांस पडतं. पापिआमेंतू या इथल्या भाषेत ‘सिन कार्नी, सिन पिस्का’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं सांगितलं की बाई स्वतःच काय चालेल ते सांगतात. फुंची, तळलेलं पिकलं केळं, भात आणि सॅलड हे सहसा मिळतं. संध्याकाळी सुरिनामी खानावळीत रोटी आणि बटाटा-चवळीची भाजी मिळते. सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीत उत्तर भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांची ही देणगी, त्यामुळे मसाला ओळखीचा वाटतो.

दुकानात किंवा ठेल्यावर शिरल्यावर आधी ‘बॉन दिया’ म्हणायचं, दुपारनंतर ‘बॉन तार्दी’, रात्री ‘बॉन नोची’. थेट ‘हे कितीला’ म्हणून सुरुवात केली तर उद्धटपणा समजतात आणि मग सेवा संथ होते. पर्यटकांच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

दुपार आणि ओत्रोबांडा

एक ते तीन छपराखाली घालवा. ओत्रोबांडातलं कुरा हुलांडा संग्रहालय त्यासाठी योग्य. गुलामांच्या व्यापाराचा इतिहास यात तपशिलाने मांडला आहे, साखळदंड आणि जहाजाच्या तळघराची प्रतिकृतीसुद्धा. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी स्वतः विचार करा. उघडण्याचे वार बदलत असतात, आदल्या दिवशी विचारून घ्या.

तिथून बाहेर पडून ओत्रोबांडाच्या चढणीच्या गल्ल्यांत फिरा. पुंडासारखी आखीव रचना इथे नाही, वाटा वेड्यावाकड्या, मध्येच अंगण, मध्येच भित्तिचित्रं. ब्रिऑनप्लाइन या मोकळ्या चौकात पेद्रो लुईस ब्रिऑन यांचा पुतळा आहे, इथेच 1782 मध्ये जन्मलेले, दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यवीर सिमोन बोलिवारच्या बाजूने लढलेले दर्यावर्दी. काही मोक्याच्या जागी जुनी इमारत नाही आणि नव्या बांधकामाची भिंत किंवा पार्किंग आहे, असं दिसेल. त्यातल्या काहींमागे 30 मे 1969 आहे: तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कंत्राटी कामगारांच्या संपातून मोर्चा निघाला, गोळीबार झाला आणि पुंडा-ओत्रोबांडात जाळपोळ झाली. या बेटाचं आधुनिक राजकारण त्या दिवसापासून मोजतात.

साडेतीन-चारला काठावर परत या आणि मघाशी सांगितलेले फोटो काढा.

भिंती वाचायला शिका

पुंडातल्या किंवा स्खार्लोतल्या बऱ्याच भिंतींचा खालचा मीटर-दीड मीटर पापुद्रे सुटलेला असतो. निष्काळजीपणा वाटतो, पण कारण बांधकामात आहे. जुनी घरं प्रवाळाच्या दगडांची, आणि चुन्याच्या गाऱ्यात बऱ्याचदा खारी वाळू पडलेली. भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते, पाणी पृष्ठभागावर सुकतं आणि मिठाचे कण रंगाच्या मागे फुगतात. रंग सुटतो, मग प्लास्टर. यावर सिमेंटचं प्लास्टर केलं की प्रकरण आणखी बिघडतं: सिमेंट ओलावा बाहेर सोडत नाही, तो आणखी वर चढतो आणि पुढच्या वर्षी भिंत वरच्या मजल्याजवळ फुटते. जाणकार दुरुस्ती करतात ती चुन्याच्या प्लास्टरने, ‘श्वास घेणाऱ्या’ रंगाने, आणि काही वर्षांनी पुन्हा. कोकणातल्या खारवट हवेत जुनी घरं सांभाळणाऱ्यांना हे दुखणं सांगायला नको. एकाच रांगेत ताजी रंगवलेली, अर्धवट सोललेली आणि छप्पर गेलेली अशी तीन घरं दिसली तर त्या तिन्हींचा फोटो घ्या, गावाची खरी स्थिती त्यात आहे.

दुसरा दिवस असेल तर

सकाळी राणी विल्हेल्मिना पुलावरून स्खार्लोत जा. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत ज्यू व्यापाऱ्यांनी इथे खांब, व्हरांडे आणि नक्षीची घरं बांधली. त्यातल्या एका हिरव्या-पांढऱ्या घराला लोक ‘लग्नाचा केक’ म्हणतात, आणि पाहिल्यावर का ते विचारावं लागत नाही. पीटरमाय मात्र संध्याकाळसाठी राखून ठेवा. दोन दशकांपूर्वी तिथे पडकी घरं होती, आता त्याच घरांत छोटी हॉटेलं, संगीत आणि गर्दी आहे. गुरुवारी संध्याकाळी पुंडाच्या गल्ल्यांत ‘पुंडा व्हाइब्स’ नावाची जत्राच भरते. त्या दिवशी मुक्काम जमला तर जमवा.

टॅक्सी करून फोर्ट नासाऊवर जायला अर्धा तास काढा. 1797 मध्ये बांधलेला हा किल्ला टेकडीवर आहे आणि तिथून एका नजरेत खाडी, दोन्ही पूल, कंटेनरचं बंदर आणि स्खॉटेगाटच्या काठचा प्रचंड तेल कारखाना दिसतो. शेल या तेल कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो उभारला, 1985 मध्ये नाममात्र किमतीला सरकारकडे दिला, पुढे व्हेनेझुएलाच्या तेल कंपनीने 2019 पर्यंत चालवला. रंगीत घरांचे पोस्टकार्ड छापणारे हे दृश्य छापत नाहीत, पण विसाव्या शतकातलं विलेमस्टॅड त्याच कारखान्याच्या पगारावर वाढलं.

निळ्या कुरासाव लिकरची भट्टी सालिन्या भागात चोबोलोबो नावाच्या जुन्या वाड्यात आहे. स्पॅनिशांनी लावलेली संत्री इथल्या कोरड्या मातीत कडू झाली, त्या लाराहा फळाची साल वाळवून तिच्या तेलाचा स्वाद देतात. निळा हा फक्त खाण्याचा रंग, बिनरंगी बाटलीची चव तीच. बाटली केबिन बॅगेत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील.

फिरणं आणि सांभाळणं

टॅक्सीच्या नंबरप्लेटवर ‘टीएक्स’ असतं आणि मीटर नसतो. बसण्याआधी दर ठरवा, आणि तो डॉलरमध्ये की गिल्डरमध्ये तेही स्पष्ट बोलून घ्या, कारण जवळपास दुपटीचा फरक आहे. स्वस्तात जायचं तर बस. मोठ्या बसला ‘कोन्वोई’ म्हणतात. पश्चिमेकडचे किनारे आणि विमानतळ यांसाठी ओत्रोबांडाचा थांबा, पूर्वेकडच्या किनाऱ्यांसाठी पुंडाचा. लांबच्या मार्गावर दोन बसमध्ये तासा-दोन तासांचं अंतर असतं, रविवारी आणखी. शेवटची बस किती वाजता, हे जातानाच चालकाला विचारून ठेवा. त्यांच्याखेरीज छोट्या व्हॅनही धावतात. पुढच्या काचेवर ठिकाणाची पाटी असते, हात दाखवला की थांबतात.

दिवसा चारही भागांत निर्धास्त चालता येतं. अंधार पडल्यावर ओत्रोबांडाच्या आतल्या गल्ल्या आणि स्खार्लोच्या मागची बाजू टाळा. काठ, पुंडा आणि पीटरमायचा मुख्य रस्ता जागता असतो. भाड्याच्या गाडीत किनाऱ्यावर जाताना आत काहीही ठेवू नका, डिकीतसुद्धा. काच फोडून चोऱ्या होतात त्या तिथेच. पोलिसांचा क्रमांक 911, रुग्णवाहिकेचा 912.

दिवस निवडताना रविवार टाळलेला बरा, बहुतेक दुकानं बंद असतात. 17 ऑगस्टला मात्र मुद्दाम जावं. 1795 मध्ये त्या दिवशी तुला नावाच्या गुलामाने बंड पुकारलं. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला त्याला हाल करून मारलं, आणि गुलामगिरी संपायला 1863 उजाडलं. रिफच्या बाजूला समुद्राकाठी त्याचं स्मारक आहे. तिथे सकाळी लवकर जा, दहानंतर त्या काठावर सावली नसते.